सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असे नाही

कबड्डीच्या मैदानावर हे वारंवार घडते. चढाईला गेलेला मुलगा कॉर्नरच्या खेळाडूला हुलकावणी देण्यासाठी एक पाय जमिनीत रोवतो, अंग दुसऱ्या बाजूला वळवतो आणि कोणाचा हातही लागलेला नसताना खाली कोसळतो. गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाल्याचे तो सांगतो. कधी कधी तो आवाज शेजारच्यालाही ऐकू येतो. दोघे जण त्याला खांद्याचा आधार देऊन बाहेर नेतात, कोणी तरी स्प्रे मारतो, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा होतो. घरी आंबेहळदीचा लेप लागतो. दुसऱ्या दिवशी ओळखीचा माणूस तेल लावून ‘शीर बसवून’ देतो. गावात एक्स-रेची सोय असेल तर एक्स-रे निघतो आणि ‘हाड मोडलेले नाही’ हे ऐकून सगळ्यांना हायसे वाटते.

तीन आठवड्यांत सूज उतरते. मुलगा चालू लागतो, जिना चढतो, सरळ धावूनही बघतो. दुखत नाही. मग तो पुन्हा मैदानात उतरतो आणि पहिल्या-दुसऱ्या वळणालाच गुडघा ‘सटकतो’. पुन्हा सूज, पुन्हा लेप, पुन्हा तीन आठवडे. शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असा खेळाडू आमच्यासमोर येतो, तेव्हा बहुतेक वेळा गुडघा सटकण्याची ती तिसरी किंवा चौथी वेळ असते. पहिल्या दिवशी फक्त एक लिगामेंट तुटलेले होते. आता त्याच्या जोडीला गुडघ्यातली गादीही फाटलेली असते. खरे नुकसान या मधल्या काळात होते. ते टाळता येण्यासारखे असते, म्हणून आजचा हा लेख.

तीन सेंटिमीटरचा दोर

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेले असतात. खुब्यासारखी खोल वाटी तिथे नाही. ही दोन हाडे जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः चार लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, आणि भोवतीचे स्नायू करतात. दोन लिगामेंट गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला असतात, तर दोन सांध्याच्या अगदी मध्यभागी फुलीच्या आकारात एकमेकांना छेदून जातात. त्या फुलीतले पुढचे लिगामेंट म्हणजे अँटिरिअर क्रूसिएट लिगामेंट. खेळाच्या पानावर तुम्ही ज्याला ‘एसीएल’ म्हणून वाचता ते हेच. लांबी सुमारे तीन सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी. तरुण माणसात हा दोर सुमारे दोनशे किलोचा ताण सोसू शकतो.

नडगीचे हाड पुढे घसरू न देणे आणि ते प्रमाणाबाहेर आत पिळू न देणे, ही त्याची दोन कामे. आता गोम अशी, की सरळ चालताना, सायकल चालवताना, जिना चढताना या दोराची फारशी गरज पडत नाही. गरज पडते ती वेगात असताना थांबायला, दिशा बदलायला, उडी मारून एका पायावर उतरायला. त्यामुळे एसीएल पूर्ण तुटलेला माणूस बाजारात जाऊन येतो, शेतात काम करतो, सरळ रेषेत पळतोही, आणि आपला गुडघा ठीक आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. सुरुवातीला दुखते ते सांध्यात झालेल्या रक्तस्रावामुळे आणि हाडाला बसलेल्या मुक्या मारामुळे. रक्त शोषले गेले की वेदना थांबते. दोर मात्र तुटलेलाच राहतो.

तो आपोआप का जुळत नाही, हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट बहुतेक वेळा पट्टा लावून काही आठवड्यांत भरून येते, कारण ते सांध्याच्या पोकळीबाहेर आहे. तिथे रक्ताची गुठळी धरते आणि तिच्यावर नवे ऊतक तयार होते. एसीएल सांध्यातल्या वंगणात बुडालेला असतो. तिथे गुठळी टिकत नाही, त्यामुळे तुटलेली दोन टोके एकमेकांकडे येण्याऐवजी बहुधा आखडून जातात. काही रुग्णांत हा बंध पुन्हा जुळल्यासारखा एमआरआयमध्ये दिसला आहे, हे खरे. पण कोणाचा जुळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्या आशेवर कोणी मैदानात उतरू नये.

कोणी न ढकलता

ही दुखापत धडकेमुळेच होते असा समज आहे. प्रत्यक्षात दहापैकी सुमारे सात वेळा समोरच्याचा गुडघ्याला स्पर्शही झालेला नसतो. पाऊल जमिनीला चिकटलेले, गुडघा थोडासाच वाकलेला, तो आतल्या बाजूला कोसळतो आणि वरचे शरीर वळते. या एका क्षणात दोर तुटतो. दुखापतींच्या चित्रफिती तपासून संशोधकांनी काढलेला अंदाज असा, की पाऊल टेकल्यापासून साधारण ४० सहस्रांश सेकंदात हे होऊन जाते. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे त्या क्षणी ‘सावध राहा’ सांगून काही उपयोग नाही. शरीराला आधीच वळण लागलेले असायला हवे.

आपल्या मातीतले खेळ या दृष्टीने पाहा. खो-खोमध्ये खांबाला वळसा घालताना सगळे वजन एका पायावर येते. कबड्डीत घोटा पकडला गेलेला असताना चढाईपटू रेषेकडे झेप घेतो, तेव्हा पाऊल अडकलेले आणि धड वळलेले असते. कुस्तीत पट काढताना किंवा पाय लावून पाडताना गुडघ्याला पीळ बसतो. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलमध्ये उडीनंतर एका पायावर उतरणे येते. मातीवर पाय थोडा घसरतो आणि ताण निसटून जातो. मॅटवर पकड चांगली मिळते, खेळ वेगवान होतो, पण गुडघ्याला ती सूटही मिळत नाही. म्हणून मॅट वाईट असे मी म्हणणार नाही. वर्षभर मातीवर सराव करून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मॅटवर उतरणे मात्र वाईट.

मुलींकडे स्वतंत्र लक्ष द्यायला हवे. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या एकाच खेळात मुलींना ही दुखापत होण्याचे प्रमाण मुलांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकाला इंग्लंडच्या लिआ विल्यमसन आणि बेथ मीड, नेदरलँड्सची व्हिव्हिअन मिडेमा अशा नामवंत खेळाडू याच एका लिगामेंटमुळे मुकल्या. कारणे म्हणून कंबरेची रुंदी, संप्रेरके, उडीनंतर उतरण्याची ढब अशा बऱ्याच गोष्टींची चर्चा होते. त्यातली कंबरेची रुंदी आपण बदलू शकत नाही. मांडीचे आणि पार्श्वभागाचे स्नायू बळकट करणे आपल्या हातात आहे, आणि नेमके तिथेच आपण मुलींना मागे ठेवतो. मुलगा बाराव्या वर्षी तालमीत जाऊन जोर-बैठका काढतो. खो-खो खेळणाऱ्या मुलीला ‘वजन उचलू नकोस, अंग राठ होईल’ हे घरातूनच ऐकावे लागते.

एक्स-रे काय सांगत नाही

खेळताना गुडघ्यात आवाज झाला, लगेच खेळ सोडावा लागला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर ते सांध्यात साठलेले रक्त आहे असे समजावे. अशा गुडघ्यांमध्ये एसीएल तुटलेला निघण्याची शक्यता फार मोठी असते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज त्या मानाने कमी गंभीर. एवढा एक फरक प्रशिक्षकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी लक्षात ठेवला, तरी कितीतरी गुडघे वाचतील.

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ हाड शाबूत आहे, एवढाच. तरीही हेच दोन शब्द खेळाडूला परत मैदानात पाठवतात. निदानासाठी सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे डॉक्टरचे दोन हात. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. दोर शाबूत असेल तर ती झटक्याने अडते, तुटलेला असेल तर मऊपणे पुढे येत राहते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन ही तपासणी शिकवत असत. त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये ती प्रसिद्ध करताना लॅकमन यांचेच नाव तिला दिले. या तपासणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, ग्रामीण रुग्णालयातल्या खाटेवर ती करता येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदनेमुळे स्नायू आवळलेले असतात आणि तपासणी फसू शकते. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावले, तर ती टाळाटाळ समजू नये. एमआरआय उपयोगी आहे, विशेषतः गादी फाटली आहे का हे पाहण्यासाठी. पण एमआरआयला नंबर लागत नाही म्हणून महिनाभर काहीच न करता बसणे हा त्यावरचा तोडगा नव्हे.

पहिल्या काही दिवसांत काय करावे? कापडात गुंडाळलेला बर्फ दर दोन-तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटे, लवचिक पट्टी, पाय उशीवर उंच, आणि चालताना कुबडी. गरम शेक नको, चोळणे तर अजिबात नको. सांध्यात रक्त साठलेले असताना चोळून ‘शीर बसत’ नाही, रक्तस्राव वाढतो. मात्र पाय आठवडेच्या आठवडे प्लॅस्टरमध्ये किंवा न हलवता ठेवणे हेही चूकच. वेदना सोसेल तसे गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरणे लवकर सुरू करायचे असते. हा स्नायू फार लवकर झडतो. दोन आठवड्यांत दोन्ही मांड्यांच्या घेरातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

दोन प्रसंगी थांबायचे नाही. गुडघा अडकला आहे, सरळच होत नाही, तर फाटलेली गादी मध्ये आली असण्याची शक्यता असते. तिथे दिवस महत्त्वाचे. आणि गुडघा पूर्ण निखळला असेल, पाऊल गार किंवा बधिर पडले असेल, तर गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. तिथे तास महत्त्वाचे. त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात न्यावे. सहा-आठ तास गेले तर प्रश्न खेळाचा उरत नाही, पाय वाचवण्याचा होतो.

शस्त्रक्रिया कोणाला?

एसीएल तुटला म्हणजे शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया आणि व्यायाम, दुसऱ्याला फक्त व्यायाम आणि गरज वाटली तर नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सरासरीने सारखेच होते. पुढे पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्या रुग्णांनी शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजेच उरलेल्या निम्म्यांना तिची गरज भासली नाही. दुसरीकडे ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुखापत जुनी होती आणि गुडघा सटकत होता. तिथे शस्त्रक्रिया सरस ठरली.

या दोन्हींतून मी घेतो तो अर्थ असा. ज्याला वळणावळणाचा खेळ पुन्हा खेळायचा आहे, ज्याचा गुडघा व्यायाम करूनही सटकतो, किंवा ज्याची गादी शिवण्याजोगी फाटली आहे, त्याने शस्त्रक्रिया करावी. चाळिशीतल्या हौशी बॅडमिंटनपटूने आधी तीन महिने नेटाने व्यायाम करून पाहावा. आणि कोणाचीच शस्त्रक्रिया सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने करू नये. सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ होणारा आणि मांडीत थोडी ताकद आलेली असावी. नाहीतर नवा दोर मिळतो, पण गुडघा आखडतो.

शस्त्रक्रियेत तुटलेला दोर शिवला जातो असे अनेकांना वाटते. बहुधा तसे होत नाही. रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूंचे किंवा गुडघ्याच्या वाटीखालचे कंडर घेऊन, दुर्बिणीतून, दोन्ही हाडांत बोगदे पाडून तिथे नवा दोर ओवला जातो आणि स्क्रूने किंवा बटणासारख्या चकतीने पक्का केला जातो. तासा-दीड तासाचे काम. त्यातले कौशल्य मोठे आहे, त्याबद्दल शंका नाही. पण रुग्ण घरी जातो तो गुडघा घेऊन नव्हे, गुडघ्याचा कच्चा माल घेऊन.

फसवा तिसरा महिना

कारण हा नवा दोर म्हणजे जागा बदललेले कंडर आहे. त्याचा मूळचा रक्तपुरवठा तोडलेला असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी आत शिरतात, जुने धागे विरतात आणि नवे विणले जातात. या घडामोडीत, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान, दोर बसवला होता त्यापेक्षाही कमकुवत झालेला असतो. आणि नेमके तेव्हाच खेळाडूला सगळ्यात बरे वाटत असते. सूज नाही, वेदना नाही, लंगडणे थांबलेले, टाके केव्हाच सुकलेले. दुखापतीनंतर तीन आठवड्यांनी जी फसगत झाली होती, तीच आता दुसऱ्यांदा होते. दोराची पक्की विणकाम-दुरुस्ती व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त काळ लागतो. ती घाईने करून देणारे औषध, इंजेक्शन किंवा पावडर माझ्या माहितीत नाही.

किती थांबायचे, यावर नॉर्वेतले ओस्लो आणि अमेरिकेतले डेलावेअर यांनी मिळून केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास माझ्या मते प्रत्येक प्रशिक्षकाने वाचण्यासारखा आहे. १०६ रुग्णांत असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेले. त्याहून महत्त्वाची दुसरी बाब. ठरलेल्या चाचण्या पूर्ण न करता परतलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के खेळाडूंना पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली. चाचण्या पार करून परतलेल्यांत हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आत होते. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यापैकी जवळपास चारातल्या एकाचा पुन्हा एसीएल तुटतो, कधी त्याच पायाचा, कधी चांगल्या पायाचा. तेव्हा कॅलेंडरमध्ये नऊ महिने मोजून भागत नाही, पायाने परीक्षाही द्यावी लागते.

ही परीक्षा मोठ्या शहरात महागड्या यंत्रावर होते. तालुक्याला तिची साधी आवृत्ती जमते. शाळेच्या मैदानावर टेप अंथरा. एका पायावर लंगडी घालावी तशी एक लांब उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायचे आणि अंतर मोजायचे. मग सलग तीन उड्या. मग खुर्चीवरून एका पायाने उठ-बस किती होते ते मोजायचे. दुखापत झालेला पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरला पाहिजे. आणि उतरताना गुडघा आत पडत असेल तर अंतर कितीही भरो, तो नापास. यंत्रावरच्या मोजमापाची सर याला नाही, हे मान्य. पण ‘आता कसं वाटतंय?’ ‘बरं वाटतंय’ या संवादापेक्षा ते शंभरपट भरवशाचे आहे.

मधल्या काळाचा आराखडा फिजिओथेरपिस्टने प्रत्येकासाठी ठरवायचा असतो, पण ढोबळ क्रम सांगतो. पहिले दोन आठवडे गुडघा पूर्ण सरळ होणे, सूज उतरवणे आणि मांडी आवळणे. दीड महिन्यापर्यंत कुबडी सुटून अर्ध्या बैठका, स्थिर सायकल, पायरीवर चढ-उतार. तीन महिन्यांनंतर, ताकद आली असेल तरच, सरळ रेषेत हळू धावणे. पाचव्या-सहाव्या महिन्यात उड्या, आधी दोन पायांवर, मग एका. त्यानंतर दिशा बदलणे, आधी सांगून आणि मग शिट्टीवर. नवव्या महिन्याच्या आसपास संघाबरोबर सराव, आणि सामना त्याच्याही नंतर. व्यायामशाळा नसेल तर धान्याची पिशवी पाठीला बांधून बैठका होतात, पाण्याचा कॅन हातात धरून पायरी चढता येते. गादी शिवलेली असेल तर खोल बैठकांना सुरुवातीचे काही महिने बंदी असते, तेवढे विचारून घ्यावे.

बसभाड्याचा प्रश्न

आमच्याकडे हा आराखडा मोडतो तो अज्ञानामुळे कमी आणि बसभाड्यामुळे जास्त. शस्त्रक्रियेसाठी कुटुंब धावपळ करते, योजनेची कागदपत्रे जमवते, चार दिवस रुग्णालयात मुक्काम करते. पण आठवड्यातून तीन वेळा साठ किलोमीटरवरून फिजिओथेरपीला येणे, सहा महिने, हे ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा रोजंदारीवरच्या घराला परवडत नाही. टाके काढायला रुग्ण येतो, महिन्याने एकदा येतो, मग थेट दुसऱ्या दुखापतीला येतो. शस्त्रक्रियेच्या खर्चाची चर्चा आपण करतो, व्यायामाच्या खर्चाची कोणी करत नाही. यावर एक व्यवहार्य उपाय म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष तपासणी आणि बाकी व्यायाम घरी, त्याची चित्रफीत मोबाइलवर पाठवून. फिजिओथेरपिस्टला तसे स्पष्ट विचारावे. बरेच जण आनंदाने तयार होतात.

दुसरा दबाव वेळेचा. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे राज्य स्पर्धेचे एक प्रमाणपत्र म्हणजे घराचे भविष्य असू शकते. पोलीस भरतीची तारीख कोणासाठी थांबत नाही. सोळाशे मीटर सरळ धावणे एसीएल नसतानाही जमू शकते, म्हणून मुले दुखापत लपवतात. भरती पार पडते आणि प्रशिक्षणात गुडघा उघडा पडतो. मी त्यांना दोष देत नाही. पण निवड चाचणी तोंडावर आली म्हणून पाचव्या महिन्यात ‘पट्टा बांध आणि उतर’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकांना मात्र देतो. बाजारातला निकॅप गुडघ्याला ऊब देतो, नडगी पिळण्यापासून रोखत नाही.

अशा वेळी सांगलीच्या स्मृती मानधनाचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत तिच्या एसीएलला दुखापत झाली आणि जूनमध्ये विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा काढल्या, मग वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद शतक ठोकले. पाच महिने! कौतुक आहेच. पण सलामीच्या फलंदाजाला चढाईपटूसारखा दर काही सेकंदांनी पाय रोवून अंग वळवावे लागत नाही, आणि राष्ट्रीय संघातल्या खेळाडूच्या दिमतीला रोज फिजिओ असतो. कुस्तीसारख्या खेळासाठी विनेश फोगटचा हिशेब जवळचा. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्याच्या एसीएलची शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला तिने टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिला हरवले. मधे वर्ष गेले.

आणि सगळे नीट करूनही सगळेच परततात असे नाही. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते, की शस्त्रक्रियेनंतर दहातले आठ जण कोणता ना कोणता खेळ पुन्हा खेळतात, पण स्पर्धात्मक पातळीवर परतणारे निम्म्याहून थोडेच जास्त. त्यात भीतीचा वाटा मोठा असतो. गुडघा तयार असतो, पण पाय रोवायच्या क्षणी मन कचरते, आणि अर्धवट टाकलेले पाऊल तर जास्तच धोक्याचे. ‘घाबरतोस काय’ म्हणून ही भीती जात नाही. पायरीपायरीने वाढवलेल्या सरावाने जाते, आणि कोणाची गेली नाही तर तोही एक निर्णय मानावा. शिवाय अशी दुखापत झालेल्या गुडघ्यांपैकी सुमारे निम्म्यांत दहा ते वीस वर्षांत झीज दिसू लागते. शस्त्रक्रियेने ती टळते असे आजवर खात्रीने दाखवता आलेले नाही. म्हणून वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचा व्यायाम हे खेळ सोडल्यावरही चालू ठेवायचे काम आहे.

वीस मिनिटांचा सराव

प्रतिबंधाची बाजू मात्र उत्साह वाटावा अशी आहे. ‘फिफा ११+’ या नावाचा, साधारण वीस मिनिटांचा, कोणत्याही साहित्याविना करता येणारा सराव फुटबॉलपटूंसाठी तयार झाला. धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून मऊ उतरणे, पाय रोवून वळणे. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या १,८९२ मुलींवर तो आजमावून पाहिला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या. अशा प्रकारच्या सरावांनी एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात, हे त्यानंतरही वारंवार दिसले आहे. एवढा परिणाम देणारी, फुकटची आणि दुष्परिणाम नसलेली गोळी असती, तर औषधाच्या दुकानासमोर रांग लागली असती.

आपल्या शाळांत वॉर्मअप म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या आणि हात वर-खाली. त्या जागी हा सराव आठवड्यातून किमान दोन-तीनदा घेता येईल. स्पर्धांच्या मोसमाआधी दोन महिने सुरू करावा आणि मोसमभर चालू ठेवावा, कारण सोडला की फायदा ओसरतो.

सुरुवात करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. वर्गातला फूटभर उंचीचा बाक मैदानात आणा. मुलामुलींना एकेक करून त्यावरून दोन्ही पायांवर खाली उतरायला आणि लगेच उंच उडी मारायला सांगा, आणि समोरून मोबाइलवर संथ गतीत चित्रण करा. उतरताना गुडघे पायाच्या अंगठ्याच्या रेषेत राहतात की एकमेकांकडे कोसळतात, ते पाहा. आवाज धप्प येतो की मऊ, ते ऐका. ज्यांचे गुडघे आत कोसळतात, त्यांना ती चित्रफीत दाखवा, आणि गुडघे वाकवून, अंतर राखून, आवाज न करता उतरायला शिकवा. पहिल्या आठवड्यात दहा वेळा, दोन पायांवर. एका पायावरची उडी ते नीट जमल्यानंतर.